पायाला भिंगरी असलेला हरण्या : सारखा पळून जाणाऱ्या कुत्र्याचं काय करावं?

हरण्याची आई | १८ डिसेंबर, रात्री १०:२०

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आमचा हरण्या दोन महिन्यांत चौथ्यांदा पळून गेला होता. काल सकाळी गेला, आज दिवेलागणीला परत आला. डावा कान फाटलाय, पुढच्या पायावर दातांच्या खुणा आहेत. सध्या हळद लावलीय, उद्या दवाखान्यात नेणार आहे.

आम्ही सोलापुरात विजापूर रोडला सैफुलच्या पुढं राहतो. मागं मोकळे प्लॉट, त्यापलीकडं शेतं आणि मग सोरेगावच्या अंगाचा माळ. हरण्या दीड महिन्याचा असताना माझ्या दिरांनी त्याला मंगळवेढ्याकडच्या एका धनगराच्या वाड्यावरून आणलं. आई कारवानी जातीची, बापाचा पत्ता नाही. आता दोन वर्षांचा आहे. रंग हरणाचा, म्हणून हरण्या.

घरात तो इतका शांत असतो की बाहेरच्यांना सांगून पटत नाही. संध्याकाळी सासूबाई चटणीसाठी शेंगा फोडायला बसल्या की त्यांच्या जुन्या चादरीवर येऊन पसरतो. चार-दोन दाणे त्यालाही मिळतात. गच्चीवर असला तरी शेंग फुटल्याचा आवाज ऐकून खाली येतो. पण फाटकाची कडी निघाली की संपलं. मान खाली, कान मागं, आणि गेला. हाक मारली तर एकदा वळून बघतो आणि आणखी जोरात पळतो.

फाटकाला कुलूप लावलं तर कंपाउंडला टेकवलेल्या पाण्याच्या बॅरलवरून उडी मारून गेला. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, बॅरल ठेवायचा तरी कुठं? शेवटी न्हाणीघराच्या मागं नेला, तर काल त्यानं नुसत्या धावेवर भिंत पार केली.

तो गेला की घरात कुणाला जेवण जात नाही. मुलगा नववीत आहे, तो सायकल घेऊन रात्री अकरापर्यंत फिरतो. हे म्हणतात, आता साखळीनं बांधूया. एक दुपार बांधून बघितलं, तर गोल गोल फिरून पाय सोलून घेतले त्यानं. मला बघवेना, सोडला. आणि परत आला की मी रडते, रागाच्या भरात दोन फटकेही देते. खोटं कशाला सांगू.

माझं कुठं चुकतंय? कारवानी पाळलेलं कुणी असेल तर सांगा. कुणाला तरी देऊन टाका, हा सल्ला मात्र कृपा करून देऊ नका.

नान्नजकर | १८ डिसेंबर, रात्री १०:५५

ताई, आमच्यात माझ्या आज्यापासनं कारवानी हायत. एक गोष्ट आधी ध्येनात घ्या. हे राखणीचं कुत्रं न्हवं, धावणीचं हाय. बाकीची कुत्री नाकानं माग काढत्यात, हे डोळ्यानं धरतंय. लांब बांधावर ससा हलला तरी ह्याला दिसतो, आणि दिसला की त्याच्या डोस्क्यात दुसरं कायबी उरत न्हाय. तुमची हाक त्या टायमाला त्याच्या कानात शिरतच न्हाय. तुमचं ऐकत न्हाय असं म्हणू नका, त्याला ऐकूच येत न्हाय म्हणा.

दुसरं, पट्टा. कारवानीचं डोस्कं मानेएवढंच बारीक असतंय. साधा पट्टा मागं सरला की टोपीवानी निघतो. मानेला दोन इंच तरी रुंद पट्टा पायजे, आणि धरायचं ते छातीच्या पट्ट्याला. त्याला लांब कासरा लावा, बैलाला लावतो तसला, तीस-पस्तीस फूट. मानेला कासरा कधीच लावू नका. पळत सुटलं आणि शेवटाला हिसका बसला तर मान जाती. हातात मोजं घाला, न्हायतर तळहात सोलतोय.

मेंढरामागं दिवसभर चालणाऱ्या जनावराचं रक्त हाय ते. तीस बाय चाळीसच्या प्लॉटात त्याचं पाय कसं गप बसतील?

निवृत्त पशुवैद्य | १९ डिसेंबर, सकाळी ६:४०

ताई, सगळ्यात आधी जखमेचं. हळद काढा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवा, धुताना हातात मोजे घाला. कोणत्या कुत्र्याने चावा घेतला हे माहीत नसल्यामुळे, हरण्याचे रेबीजचे वार्षिक लसीकरण झालेले असले तरी त्याला आजच पुन्हा लस द्या. घरात कुणाच्या हाताला खरचटलेले असेल आणि त्यावर लाळ लागली असेल, तर तो भाग साबणाने पंधरा मिनिटे धुवून आजच सिव्हिलमध्ये दाखवा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नसतोच, त्यामुळे ‘बघू दोन दिवस’ असे म्हणू नका.

शेतातून आलेल्या कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालचा भाग गोचिडांसाठी तपासा. आठ-दहा दिवसांत ताप आला, जेवण सुटले, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आले तर तो गोचीडताप असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय नुसते तापाचे इंजेक्शन देऊन घरी आणू नका.

खच्चीकरण झाले आहे का? दोन वर्षांचा नर माजावर आलेल्या मादीच्या वासाने घर सोडतो. खच्चीकरणाने बहुतेक नरांचे हे भटकणे कमी होते. मात्र फरक दिसायला काही आठवडे जातात, आणि सशामागे धावण्याची ओढ त्याने जात नाही. आणखी एक सांगून ठेवतो. अशा सडपातळ जातींच्या अंगात चरबी फार कमी असते, त्यामुळे भुलीची काही औषधे त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत. शस्त्रक्रियेआधी ‘हा कारवानी आहे’ असे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता फटक्यांचे. कुत्रा नुकत्याच केलेल्या कृतीशी शिक्षेचा संबंध जोडतो. हरण्याने नुकतेच काय केले होते? तो घरी आला होता. म्हणजे तुम्ही त्याला पळण्याबद्दल मारत नाही, परतण्याबद्दल मारता. हाक मारल्यावर तो जास्त जोरात का पळतो, याचे उत्तर यातच आहे असे मला वाटते.

तुमच्या घरात त्याला हमखास बोलावणारा एक आवाज आधीच आहे. सासूबाईंच्या शेंगांचा. तो जपा. त्या आवाजावर तो आला की त्याला कधीही बांधू नका, अंघोळ घालू नका, औषध पाजू नका. फक्त दाणे द्या आणि पाठ थोपटा. दाणे बिनमिठाचे आणि चारच. चटणी मात्र अजिबात नको. तिच्यातला लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो.

सात रस्ता ते असरा | १९ डिसेंबर, सकाळी ९:०५

वाईट वाटेल, पण लिहितो. गेल्या वर्षी माझे वडील स्कूटरवरून येत असताना एका घरातलं पाळीव कुत्रं आडवं आलं. गळपट्टीचं हाड मोडलं, तीन महिने हात गळ्यात होता. ज्यांचं कुत्रं होतं त्यांनी ‘आमचं नाहीच’ म्हणून दार लावून घेतलं. वडिलांना त्या हाडापेक्षा ते जास्त लागलं.

विजापूर रोडला ट्रक कसे धावतात, तुम्हाला माहीत आहे. हरण्या ट्रकखाली जाईल ही भीती तुम्हाला आहेच, पण त्याला चुकवताना कुणीतरी पडेल हेही डोक्यात असू द्या. आपल्या ताब्यातल्या जनावरामुळं माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. मलाही कुत्री आवडतात.

हरण्याची आई | १९ डिसेंबर, दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरकाका, लस दिली, कानाला तीन टाके पडले. मुलाच्या बोटाला खरचटलं होतं, सिव्हिलला जाऊन आलो, त्याचीही लस सुरू झाली. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही गेलो नसतो.

फटक्यांचं वाचून फार वेळ काही सुचलं नाही. परत आल्यावर तो दारात थांबायचा, आत यायचा नाही, आणि मला वाटायचं चूक कळलीय म्हणून थांबलाय.

सात रस्ता दादा, वडिलांना नमस्कार सांगा. तुमचं बोलणं बरोबर आहे. तो सुटला आणि त्याच्यामुळं कुणाला लागलं तर आम्ही दार लावून घेणार नाही, एवढं लिहून ठेवते. आता बाहेर तो कासऱ्यावरच असेल.

पूर्व भाग | १९ डिसेंबर, रात्री ११:१५

आमची मल्ली गावठी आहे. अशोक चौकाच्या मागं आमचं घर, खाली विणकामाचे माग, वर आम्ही. तिथं कुठला माळ आणि कुठला ससा! तरी ती रोज पहाटे सटकायची आणि आठ वाजता यायची. दोन वर्षं आम्ही तिला फक्त शोधलं. मग माझ्या वडिलांनी वेगळंच केलं. दोरी बांधली आणि तिच्या मागं चालायला लागले. ओढायचं नाही, वळवायचं नाही, ती नेईल तिकडं जायचं.

ती आधी मटणाच्या दुकानाच्या पायरीवर गेली, तिथून एका कारखान्याच्या दारात. तिथं रात्रपाळीचे कामगार सुटताना तिला भाकरीचा तुकडा टाकायचे. मग एका पडक्या वाड्यात शिरली, तिथं एका कुत्रीची पिल्लं होती. तिथं अर्धा तास बसून सरळ घरी. आमची अर्धी गल्ली तिला ओळखत होती आणि आम्हालाच पत्ता नव्हता. त्या दिवसापासून वडील रोज पहाटे तीच फेरी तिच्यासोबत करतात. ती पळालेली नाही, चार वर्षं झाली.

ताई, हरण्या कुठं जातो? तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर एकदा त्याच्या मागं जाऊन बघा. वाटेत त्याला हवं तेवढं हुंगू द्या. अर्धा तास नाक चाललं की कुत्रं दमतं, हे मी रोज बघतो. घरीही भाकरीचे तुकडे गोणपाटाच्या घड्यांत लपवून शोधायला लावा.

माळटिटवी | २० डिसेंबर, सकाळी ७:५०

मी केगावला विद्यापीठात शिकते, सुट्टीच्या दिवशी माळावर पक्षी बघायला जाते. एक विनंती. हरण्याला ‘मोकळं पळू दे एकदा पोटभर’ म्हणून माळावर सोडू नका. असं करणारे बरेच जण भेटतात.

लोकांना माळ म्हणजे पडीक जमीन वाटते. टिटव्या, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे चार खडे आणि एक खळगा, कुत्र्याच्या एका धावेत जातं. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं आणि आज तिथं माळढोक दिसणं ही नशिबाची गोष्ट झालीय. अजून काळवीट आहेत, लांडगे आहेत. कुत्र्यांपासून लांडग्यांना डिस्टेंपर आणि रेबीज जातो, त्यामुळे लस न दिलेलं कुत्रं माळावर गेलं की त्याचं दुखणं तिथंच राहतं. आणि ससा मारला तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

हे लिहिताना कारवानीबद्दल मनात काही नाही. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. कारवानीचंच ते नाव. माझ्या वहीत ते तिकीट अजून चिकटवलेलं आहे.

नान्नजकर | २० डिसेंबर, सकाळी ८:३०

पोरी, बरोबर बोललीस. आमच्या लहानपणी माळढोक बांधावरनं चालत जायचा, कुणी वळूनबी बगत नव्हतं. आमची कुत्री आता शेताभायेर मोकळी न्हाय सोडत.

हरण्याची आई | २४ डिसेंबर, रात्री ९:४५

पूर्व भाग दादा, तुमच्या वडिलांसारखंच केलं. छातीचा पट्टा आणला, तीस फुटी कासरा घेतला, आणि रविवारी पहाटे साडेपाचला मुलगा आणि मी हरण्याच्या मागं निघालो.

मला वाटलं होतं तो कुत्र्यांच्या टोळीकडं नेईल, नाहीतर ढाब्यामागच्या उकिरड्याकडं. तो कुठंच थांबला नाही. प्लॉट ओलांडले, कॅनॉलच्या कडेनं गेला, एक तुरीचं शेत डावीकडं टाकलं आणि सव्वा तास चालून आम्हाला एका रानात घेऊन गेला. तिथं धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. तीन-एकशे मेंढ्या जाळीत, बाजूला घोडी, चूल पेटलेली. हरण्या जाळीपासून वीस पावलांवर जाऊन खाली बसला. पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून नुसता बघत राहिला. एकदाही भुंकला नाही.

वाड्यावरची बाई म्हणाली, ‘ह्यो तुमचा हाय व्हय? दोन महिनं झालं येतोय. मेंढराला दात लावत न्हाय, पन आमची कुत्री त्याला धरत्यात. पोरं भाकर टाकत्यात त्याला.’ कान तिथंच फाटला होता.

दीड महिन्याचा असताना ज्या वाड्यावरून तो आला, तिथला वास त्याच्या नाकात राहिला असेल का, मला सांगता येणार नाही. मी त्या बाईसोबत चहा घेतला आणि येताना वाटभर बोलू शकले नाही. मुलगाही गप्प होता.

आता एक दिवसाआड पहाटे आम्ही तिथं जातो. त्यांची कुत्री बांधलेली असताना, कासऱ्यावर, वीस पावलं लांब. अर्धा तास बसतो आणि परत. या आठवड्यात भिंतीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मेंढ्या पुढं गेल्या की काय करायचं, हा प्रश्न आहेच.

निवृत्त पशुवैद्य | २५ डिसेंबर, सकाळी ७:००

फार चांगले केलेत. त्यांच्या कुत्र्यांनाही रेबीजची लस टोचून घेता आली तर बघा, मी सोबत येईन. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे. शोभेच्या दारूकामाच्या रात्री हरण्याला घरातच ठेवा. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही सुरू करून.

हरण्याची आई | दारूकामाची रात्र, ९:१२

हरण्या सुटला. माहेरी आणलं होतं, रेल्वे लाईन्सला. घरी एकटा ठेवायला नको म्हणून आणला, आणि तेच चुकलं. होम मैदानावर पहिला बार झाला तेव्हा भाऊ त्याला गल्लीत घेऊन उभा होता. छातीचा पट्टा घरी राहिला होता. मानेचा साधा पट्टा भावाच्या हातात राहिला, फोन नंबर त्याच्यावरच आहे. सात रस्त्याच्या दिशेनं गेला. रस्त्यावर गड्ड्याची गर्दी आहे. कुणी जवळपास असेल तर बघा. अंगावर काहीही नाही, डावा कान फाटलेला.

निवृत्त पशुवैद्य | ९:१८

घाबरू नका आणि सगळे एकदम पळू नका. सर्वांना विनंती, दिसला तर हाक मारू नका, पाठलाग करू नका. भेदरलेला कुत्रा ओळखीच्या माणसापासूनही पळतो. कुठे दिसला आणि कोणत्या बाजूला गेला एवढेच लिहा. सुटला त्या ठिकाणी एक माणूस बसून राहू दे, घराचे फाटक उघडे ठेवा.

सात रस्ता ते असरा | ९:३१

मी सात रस्त्यावर आहे. रिक्षा स्टँडवर सांगितलं. एका रिक्षावाल्यानं तांबूस, उंच कुत्रं विजापूर रोडला वळताना बघितलंय, दहा-पंधरा मिनिटांपूर्वी. गाडीवरून सैफुलपर्यंत हळू जाऊन येतो.

पूर्व भाग | ९:४०

आमच्याकडं येण्याची शक्यता कमी, तरी गल्लीतल्या पोरांना सांगितलंय. हाक मारायची नाही हेही सांगितलं.

सात रस्ता ते असरा | १०:२५

सैफुलपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. रस्त्यावर कुठंही काही झालेलं नाही, हे आधी लिहितो. पण दिसला नाही.

हरण्याची आई | ११:५०

हे घरी जाऊन बसलेत, फाटक उघडं आहे. तो आलेला नाही. सासूबाई झोपायला तयार नाहीत.

रात्रपाळी | १:३५

कंपनीतून सुटून घरी चाललो होतो, अंत्रोळीकर नगरला राहतो. धागा वाचला होता म्हणून तलावाच्या कडेनं गाडी हळू घेतली. कंबर तलावाच्या, म्हणजे संभाजी तलावाच्या कठड्याजवळ वेड्या बाभळींत एक कुत्रं आहे. उंच, बारीक, कान फाटलेला. मी थांबलो नाही, हाक मारली नाही. पन्नास पावलं पुढं जाऊन गाडी बंद करून उभा आहे. तो आत शिरून बसलाय.

हरण्याची आई | १:३८

निघालो.

हरण्याची आई | दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३०

हरण्या घरी आहे. झोपलाय. पाय सुजलेत, बाकी ठीक.

काल रात्री आम्ही पोचलो तेव्हा रात्रपाळी दादा तसेच थंडीत उभे होते. त्यांनी फक्त हातानं दाखवलं. मी बाभळींजवळ गेले आणि ‘हरण्या’ म्हणाले, तर आतून खसखस झाली आणि तो आणखी लांब सरकला. डॉक्टरकाकांनी फोनवर सांगितलं, बोलू नका, पाठ करून जमिनीवर बसा. बसलो. दोन तास काही नाही. मधे कुठंतरी उरलासुरला फटाका वाजला की आत पाचोळा वाजायचा.

साडेतीनच्या सुमारास हे सासूबाईंना घेऊन आले. त्या हट्टानं आल्या होत्या. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसता येत नाही, तरी त्यांनी आपली चादर मातीत अंथरली आणि बसल्या. पदरात शेंगा बांधून आणल्या होत्या. आम्हाला लांब जायला सांगितलं. आणि एक एक शेंग फोडायला लागल्या. त्या शांततेत तो आवाज मला पन्नास पावलांवरून ऐकू येत होता. हाक नाही, काही नाही. फोडायच्या, दाणे चादरीवर ठेवायच्या, टरफल बाजूला.

पाऊण तास लागला. पहाटे सव्वाचारला तो पोटावर सरपटत बाहेर आला. चादरीच्या टोकाला नाक लावलं, मग अर्धा चादरीवर, मग त्यांच्या मांडीत डोकं. सासूबाईंनी त्याला धरलं नाही. आधी चार दाणे दिले, पाठीवरून हात फिरवला, आणि मग हळूच छातीचा पट्टा चढवला. त्या म्हणाल्या, ‘आलास नव्हं, बास.’

मी रडले. या वेळी फटका नाही मारला.

नान्नजकर | सकाळी १०:४४

माऊलींच्या पाया पडलो म्हणून सांगा.

रात्रपाळी | सकाळी ११:२०

तो चादरीवर आला ते मी बघितलं, आणि मगच घरी गेलो. ताई, एक कामाचं बोलतो. नंबर मानेच्या पट्ट्यावर आणि छातीच्या पट्ट्यावर, दोन्हीकडं शिवून घ्या. मायक्रोचिप बसवून घ्यायला हरकत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. पण ती कुत्रं कुठं आहे ते सांगत नाही, कुणी सापडल्यावर यंत्रानं वाचली तरच उपयोग, आणि तोही क्रमांकापुढं तुमचा फोन नोंदवलेला असेल तर. एअरटॅगसारखे ब्लूटूथचे बिल्ले आसपास फोन असतील तिथंच दिसतात. तुमच्या बाजूच्या रानात फोन कुठले? सिमकार्ड असलेला जीपीएस पट्टा घ्या, छातीच्या पट्ट्याला लावा. रोज चार्ज करण्याची सवय ठेवा, कुत्रं नेमकं चार्जिंग उतरलेल्या दिवशी सुटतं.

निवृत्त पशुवैद्य | सायंकाळी ६:१०

पाय कोमट पाण्याने धुवून तळव्यात काटे आहेत का बघा, वेड्या बाभळीचा काटा आत मोडतो आणि पिकतो. खच्चीकरण फेब्रुवारीत, ऊन वाढण्याआधी उरकून घ्या. मार्चपासून फिरणे पहाटेच. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. आता द्राक्षांचा हंगाम आहे, कासरा बागांपासून लांब ठेवा. द्राक्षे आणि बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही.

हरण्याची आई | ९ फेब्रुवारी, रात्री ९:००

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. खच्चीकरण झालं, टाके निघाले. कारवानी असल्याचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगितलं होतं. भिंतीवर आतल्या बाजूला तिरकी जाळी बसवली. मानेचा पट्टा एका चामड्याचं काम करणाऱ्या काकांकडून शिवून घेतला, दोन इंच रुंद, आतून मऊ कापड, वर नंबर. छातीच्या पट्ट्यावरही नंबर आहे.

मेंढ्या मागच्या आठवड्यात पुढं गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे हरण्या त्याच वाटेनं तिथपर्यंत गेला. रान मोकळं होतं, लेंड्या आणि चुलीची राख तेवढी उरली होती. त्यानं ती सगळी जागा हुंगली, एक फेरी मारली, आणि राखेशेजारी बसला. आम्हीही बसलो. उन्हं वर आल्यावर स्वतःच उठला. आता तिथून पुढं कॅनॉलपर्यंत जातो, नवी वाट त्यानंच काढलीय.

संध्याकाळी शेंगा फुटायला लागल्या की चादरीवर असतो. आता मीही फोडते, मुलगाही फोडतो, म्हणजे आवाज एकाच माणसाचा राहायला नको. चटणी या महिन्यात जरा जास्तच झालीय, नान्नजकर दादा आणि रात्रपाळी दादा, तुमच्यासाठी डबा काढून ठेवलाय.

माळटिटवी, तुझ्या सांगण्यावरून माळाच्या कडेनंच फिरतो, आत जात नाही. परवा त्याला एक टिटवी दिसली, कासरा ताणला, आणि मुलानं खिशातली शेंग फोडली. हरण्या थांबला. वळला.

माळटिटवी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२५

रविवारी येऊ का बघायला? दुर्बीण घेऊन येते.

हरण्याची आई | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३१

ये की. पावणेसहाला निघतो आम्ही. स्वेटर घाल, कॅनॉलवर गार वारं असतं.